तीन बेअरिंगांचा क्रँकशाफ्ट आणि शर्यतीचे इंजिन : फियाट ११००च्या निमित्ताने

रायपूरहून बिलासपूर रस्त्याने निघालात की शहराच्या उत्तर टोकाला भनपुरी लागते. हा औद्योगिक पट्टा आहे, पुढे उरला आणि सिलतरा. अशा ट्रकांच्या वाटेवरच्या वस्तीत क्रँक ग्राइंडिंग करणारे दुकान शोधावे लागत नाही. तिथे आलेल्या क्रँकबद्दल पहिला प्रश्न एकच असतो : कोणता साइज? म्हणजे झिजून लंबगोल झालेली पिन पुन्हा गोल करायची, दहा किंवा वीस थाऊ खाली उतरवायची आणि त्या मापाची बेअरिंग शेल बसवायची. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मि.मी. हे दुरुस्तीचे काम झाले. या टिपणात आपण त्याच मशीनवर होणारे पण अगदी वेगळ्या हेतूचे काम पाहणार आहोत : जुन्या छोट्या गाडीचे इंजिन शर्यतीला उतरवण्यासाठी तिच्या क्रँकशाफ्टमध्ये केलेले बदल.

उदाहरणाला इंजिन घेऊ तुमच्या ओळखीचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. १९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. या गाडीची शर्यतीची बाजू मात्र विद्यार्थ्यांना फारशी माहीत नसते. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर फियाट पळत असत. त्याआधी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फॉर्म्युला ज्युनियर हा वर्ग सुरू झाला, तेव्हा मोडेनाच्या स्टांगुएलिनी यांच्या गाड्यांत हेच १०८९ सी.सी.चे इंजिन होते, मूळच्या जवळजवळ दुप्पट ताकद काढून. १९५९ साली मोनाकोची ज्युनियर शर्यत मायकेल मे या स्विस अभियंत्याने अशाच गाडीतून जिंकली. (हाच तो मे, ज्याने १९५६ मध्ये आपल्या पोर्शेवर उलटा पंख बसवून आणला होता.)

इंजिनाची मापे लिहून घ्या : बोअर ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी., चार सिलिंडर एका रांगेत, आणि क्रँकशाफ्टला आधार फक्त तीन मेन बेअरिंगांचा. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. दोन आधारांच्या मध्ये एक नाही, दोन क्रँकपिना लोंबतात. असा क्रँक दिसायला जाडजूड असला तरी तो वाकतो आणि पिळलाही जातो. क्रँककडे लोखंडाचा दांडा म्हणून पाहू नका, ताठ स्प्रिंग म्हणून पहा. त्यात कोणताही बदल सुचवला की एकच प्रश्न विचारायचा : पिन आणि वेब जिथे मिळतात त्या कोपऱ्यातले प्रतिबल याने वाढले की कमी झाले? क्रँक तुटतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

स्ट्रोक का बदलायचा?

शर्यतीचे वर्ग सी.सी.वर ठरतात. ११०० सी.सी.च्या वर्गात १०८९ चे इंजिन म्हणजे हाताशी ११ सी.सी. उरले. स्ट्रोक ७५ ठेवला तर ११०० पर्यंत बोअर जास्तीत जास्त ६८.३३ मि.मी. करता येतो. आता झिजलेला जुना ब्लॉक ६९ मि.मी. पर्यंत बोअर करावा लागला असे समजा. एका सिलिंडरचे क्षेत्रफळ ३७.३९ चौ. सें.मी. झाले आणि ७५ च्या स्ट्रोकला इंजिन ११२२ सी.सी. भरले. वर्गाबाहेर गेले. परत आत यायचे तर स्ट्रोक ७३.५ मि.मी. करायला हवा, म्हणजे १०९९ सी.सी.

इथे काही जण नाराज होतात. शर्यतीसाठी स्ट्रोक कमी करायचा? पण मोठा बोअर आणि छोटा स्ट्रोक हेच शर्यतीच्या इंजिनाला मानवते : व्हॉल्व्हना जागा मिळते आणि पिस्टनचा वेग उतरतो. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने मिनी कूपर एससाठी १९६३-६४ मध्ये हेच केले. सुमारे ७०.६ मि.मी.चा बोअर कायम ठेवून ६१.९, ६८.३ आणि ८१.३ असे तीन स्ट्रोक, त्यातून ९७०, १०७१ आणि १२७५ सी.सी. : हजार, अकराशे आणि तेराशेच्या वर्गासाठी एकेक. १९६४ची मॉन्टे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने १०७१ वर जिंकली. हा तीन बेअरिंगांचाच क्रँक होता, पण कारखान्याने तो ईएन ४०बी या नायट्रायडिंगच्या पोलादात घडवला होता. आपल्याकडे कारखाना नाही, भनपुरीचे ग्राइंडर आहे. म्हणून आपला मार्ग ऑफसेट ग्राइंडिंगचा.

ऑफसेट ग्राइंडिंगची भूमिती

साध्या ग्राइंडिंगमध्ये पिनचा मध्य जागेवर राहतो आणि व्यास कमी होतो. ऑफसेटमध्ये क्रँक मशीनवर किंचित सरकवून धरतात, त्यामुळे पिन एका बाजूने जास्त कापली जाते आणि तिचा मध्यच सरकतो. व्यास १.५ मि.मी.ने उतरवला तर मध्य जास्तीत जास्त ०.७५ मि.मी. सरकतो. स्ट्रोक हा क्रँकच्या त्रिज्येच्या दुप्पट, म्हणून तो पूर्ण १.५ मि.मी.ने बदलतो. ७५ चा ७३.५ करायला पिन साधारण साठ थाऊ उतरावी लागते. ट्रकवाल्यांच्या भाषेत ही ‘सिक्स्टी’ झाली, आणि तेवढ्या खालच्या मापाची शेल या इंजिनासाठी मिळेलच असे नाही. बऱ्याचदा दुसऱ्या इंजिनाचा, लहान पिनेचा कनेक्टिंग रॉड आणि त्याची शेल शोधून मग पिनचे माप ठरवले जाते. बेअरिंग हातात येण्याआधी क्रँक मशीनवर चढवू नका.

आता खरा मुद्दा. पिन आणि मेन जर्नल ही दोन वर्तुळे बाजूने पाहिली तर एकमेकांवर थोडी चढलेली दिसतात. या चढावाला ओव्हरलॅप म्हणतात. त्याचे सूत्र सोपे : दोन्ही व्यासांची बेरीज निम्मी करा आणि त्यातून क्रँकची त्रिज्या वजा करा. उदाहरणापुरते मेन ५० मि.मी. आणि पिन ४५ मि.मी. धरू. बेरजेचे निम्मे ४७.५, त्रिज्या ३७.५, ओव्हरलॅप १० मि.मी. ओव्हरलॅप जितका जास्त तितका बलाचा रस्ता पिनेतून जर्नलमध्ये सरळ जातो आणि वेबला कमी वाकावे लागते.

स्ट्रोक वाढवण्यासाठी पिन बाहेरच्या बाजूला सरकवली तर काय होते? व्यासाचे निम्मे ०.७५ ने घटले, त्रिज्या ०.७५ ने वाढली, ओव्हरलॅप १० वरून ८.५ झाला. स्ट्रोक कमी करण्यासाठी पिन आत सरकवली तर व्यासाचे निम्मे ०.७५ ने घटले, त्रिज्याही ०.७५ ने घटली. ओव्हरलॅप १० च राहिला. कारण उघड आहे : आत सरकवताना पिनेची आतली कड कापली जातच नाही, धातू सगळा बाहेरच्या बाजूने जातो. म्हणजे तितकाच धातू कापून एक क्रँक अशक्त होतो आणि दुसरा जवळपास होता तसा राहतो. बाजारात ‘स्ट्रोक वाढवून घ्या’ हा सल्ला स्वस्त मिळतो. तीन बेअरिंगांच्या क्रँकवर मी तो घेणार नाही.

आत सरकवण्याची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. वरच्या टोकाला पिस्टन ०.७५ मि.मी. खाली थांबतो, त्यामुळे ज्वलनकक्षात प्रत्येक सिलिंडरला सुमारे २.८ सी.सी.ची भर पडते. कॉम्प्रेशन ९ धरून आखलेले इंजिन ८.४ वर येते. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग तेवढा तासला किंवा पिस्टन त्या उंचीचा घेतला की हिशेब जुळतो. शिवाय चारही पिनांची त्रिज्या सारखी आणि त्यांच्यातला कोन अचूक १८० अंशांचा राहायला हवा. एक पिन नीट आणि दुसरी एक अंश मागे, असा क्रँक दिसायला निर्दोष असतो, पण प्रज्वलनाची वेळ प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते.

बले किती वाढतात?

मूळ गाडी मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपास थकते. शर्यतीत आपण ७००० म्हणू. फेरे ४० टक्क्यांनी वाढले, पण जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ते जवळजवळ दुप्पट होते. करून पहा : ३७.५ मि.मी. त्रिज्येवर ५००० फेऱ्यांना त्वरण सुमारे १०,३०० मीटर प्रति सेकंद वर्ग, ७००० ला २०,१५०. पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो धरा, त्रिज्या आणि रॉडच्या लांबीचे गुणोत्तर ०.२८ धरा. वरच्या टोकाला पिस्टन थांबवून परत ओढायला ७००० ला सुमारे १२,९०० न्यूटन लागतात, म्हणजे तेराशे किलो वजनाइतके. एका पद्मिनीचे वजन याहून कमी भरते.

याच हिशेबाने फोर्डच्या १०५ई इंजिनाकडे पहा. त्यालाही तीनच मेन बेअरिंगे, क्रँक तर ओतीव. पण बोअर सुमारे ८१ आणि स्ट्रोक फक्त ४८.४ मि.मी. त्रिज्या २४.२, म्हणून त्याच ७००० फेऱ्यांना त्वरण फियाटच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी, आणि ओव्हरलॅप भरपूर. १९६० मध्ये लोटसच्या गाड्या हे इंजिन घेऊन आल्या आणि ज्युनियर शर्यतींतले फियाटचे राज्य आटोपले. पोलाद भारी असण्यापेक्षा भूमिती बरी असणे किती उपयोगी, याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

कोपऱ्याची गोलाई

पिन जिथे वेबला मिळते तिथे काटकोन नसतो, छोटी गोलाई असते. पुस्तकात तिला फिलेट म्हणतात, दुकानात रेडियस. बल एका रुंद भागातून अरुंद भागात शिरते तेव्हा कोपऱ्यात गर्दी होते. या गर्दीचे माप म्हणजे प्रतिबल-केंद्रीकरण गुणांक. पायरी असलेल्या दांड्याच्या आलेखावरून पाहिले तर ४५ मि.मी.च्या पिनेला १ मि.मी. गोलाई असेल तर हा गुणांक वाकण्यासाठी अंदाजे २.५ येतो, २.५ मि.मी. गोलाई केली तर २ च्या आसपास. खऱ्या क्रँकचा आकार त्या दांड्यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, पण कल कळायला हे पुरे. कोपऱ्यातले प्रतिबल वीस टक्क्यांनी उतरले.

वीस टक्के फार वाटत नाहीत. पण थकव्याच्या आलेखात आयुष्य हे प्रतिबलाच्या साधारण दहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते असे धरले, तर ०.८ चा दहावा घात ०.१०७ येतो, म्हणजे आयुष्य सुमारे नऊ पट. दीड मि.मी. गोलाईने दिलेले हे नऊ पट आयुष्य कोणत्याही महागड्या पॉलिशने मिळत नाही.

आणि इथेच दुरुस्तीच्या दुकानाशी नीट बोलावे लागते. ग्राइंडिंगच्या दगडाचा कोपरा हिऱ्याने ज्या आकाराचा कराल तीच गोलाई पिनेवर उतरते. दगडाचा कोपरा धारदार राहिला तर पिनेचे माप मायक्रोमीटरवर तंतोतंत येते आणि क्रँक तरीही वाया जातो. मायक्रोमीटर कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून काम देताना ‘साइज’ सांगण्याआधी रेडियस सांगा आणि परत घेताना रेडियस गेजने तपासा. गोलाई मोठी केली की शेलची कड तिच्यावर चढू शकते. त्यासाठी शेलच्या कडा चॅम्फर कराव्या लागतात. हे विसरलात तर इंजिन हाताने फिरवतानाच जड लागेल.

दुसरा धोका उष्णतेचा. घाईने, कमी पाण्यात खोल कट घेतला की पृष्ठभाग क्षणभर लाल होण्याइतका तापतो आणि लगेच थंड होतो. तिथे ठिसूळ थर आणि ताणाचे शेष प्रतिबल तयार होते, कधी केसासारख्या भेगाही पडतात. डोळ्यांना चकचकीत पिनच दिसते. म्हणून ग्राइंडिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चुंबकीय कण तपासणी करून घ्या : क्रँक चुंबकित करून त्यावर लोहकणांचा द्रव ओततात, भेग असेल तिथे कण रेघ धरतात. नंतर क्रँक विचुंबकित करायला विसरू नका, नाहीतर तो तेलातली लोखंडाची कीस गोळा करत बसेल.

क्रँक नायट्राइड केलेला असेल तर आणखी एक हिशेब आहे. हा कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच खोल असतो. साठ थाऊ म्हणजे दीड मि.मी. व्यास, एका बाजूला सरासरी पाऊण मि.मी. थर संपला. क्रँक पुन्हा नायट्राइड करावा लागेल आणि त्या भट्टीत तो किंचित वाकू शकतो, म्हणून त्यानंतर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने मधल्या जर्नलची वाकडी चाल मोजायची. वाकलेला शर्यतीचा क्रँक प्रेसखाली सरळ करून घेऊ नये. तो सरळ दिसतो, पण आतले प्रतिबल तसेच राहते आणि गरम झाल्यावर तो जुन्या वाटेने जातो.

मधले बेअरिंग आणि काउंटरवेट

चार सिलिंडरच्या क्रँकमध्ये १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ विरुद्ध बाजूला. पूर्ण क्रँकचा विचार केला तर फिरती बले एकमेकांना खोडतात. पण आत काय चालते? प्रत्येक पिनेवर फिरत्या वस्तुमानाचे केंद्रोत्सारी बल ‘ब’ धरा. पुढचा अर्धा भाग दोन टोकांना टेकवलेली तुळई समजा, पिना पाव आणि पाऊण अंतरावर, बले विरुद्ध दिशांना. आघूर्ण घ्या : प्रत्येक आधारावर निम्मा ‘ब’ येतो. मागच्या भागाचेही तसेच. पण मधला आधार दोघांचा सामाईक आहे आणि २ व ३ एकाच दिशेला आहेत, म्हणून मधल्या बेअरिंगवर पूर्ण ‘ब’ पडतो, टोकांच्या दुप्पट. पिनेपाशी ०.७ किलो धरले तर ७००० ला हा ‘ब’ चौदा हजार न्यूटन होतो.

काउंटरवेटचे काम हेच आहे : ते क्रँकचे एकूण संतुलन सुधारत नाहीत, ते आधीच ठीक असते. ते हे आतले वाकणे कमी करतात. म्हणून वजन वाचवायला काउंटरवेट तासून सुरीसारखे पातळ करण्याची फॅशन मला या इंजिनात पटत नाही. फ्लायव्हील हलके करा, तिथे मोठ्या त्रिज्येवरचे वजन जाते आणि फायदा जास्त मिळतो. काउंटरवेटला हात लावायचाच असेल तर २ आणि ३ जवळ वजन घालायला लावा.

संतुलन-यंत्रावर आधी एकटा क्रँक, मग फ्लायव्हील जोडून, मग पुली, मग क्लचचे कव्हर, असे एकेक करत जावे आणि प्रत्येक भागावर खूण करावी. ५ ग्रॅम वजन १०० मि.मी. त्रिज्येवर जास्त राहिले तर ७००० ला २७० न्यूटनचा झटका फिरत राहतो. आणि एक गोष्ट यंत्रावरच्या माणसाकडे मागू नका : पिस्टनच्या दुय्यम जडत्वामुळे, फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेने उभे थरथरणे चार सिलिंडरच्या रांगेत राहणारच. आपल्या आकड्यांनी ते ७००० ला अकरा हजार न्यूटनच्या घरात जाते. ते घालवायला उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट लागतात, क्रँक कितीही घासून जात नाही.

पीळ

प्रत्येक स्फोट क्रँकला पीळ देतो आणि क्रँक परत उलगडतो. या पिळाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. ती सेकंदाला ४०० धरली तर एका फेऱ्यात चार झटके देणारा घटक ६००० फेऱ्यांना तिच्याशी जुळतो. मूळ गाडी त्या वेगापर्यंत पोचतच नव्हती, म्हणून कारखान्याला त्याची काळजी नव्हती. आपण दर सरळ रस्त्यावर त्यातून जाणार आहोत. म्हणजे क्रँकला हात न लावता फक्त फेरे वाढवणे हाही क्रँकवरचा बदलच आहे. पुढच्या पुलीवर रबराचा डॅम्पर असेल तर तो काढून ॲल्युमिनियमची हलकी पुली लावू नका. नसेल तर बसवण्याची सोय पहा.

तेल

ग्राइंडिंगची भुकटी मेन जर्नलपासून पिनेपर्यंतच्या तिरक्या तेलवाटांत बसते. त्या वाटांचे प्लग काढून, ब्रशने आणि दाबाच्या हवेने साफ करून मगच नवे प्लग घाला. पिनेवरच्या छिद्राची कड धारदार ठेवू नका, तीही एक भेगेची सुरुवात असते. बेअरिंगची ढिलाई व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवतात, ४५ मि.मी.ला ०.०४५, आणि ती प्लास्टिगेजने प्रत्यक्ष मोजावी.

इंजिन जोडून झाले की पहिल्यांदा लवकर उघडा. ७००० फेऱ्यांना दहा लाख फेरे व्हायला १४३ मिनिटे लागतात, आणि पोलादाच्या थकव्याच्या आलेखाची वाकलेली रेघ सपाट होऊ लागते ती दहा लाखांनंतर. म्हणून साधारण अडीच तासांच्या धावेनंतर संप उतरवा, २ आणि ३ च्या कॅप काढून शेल पहा, आणि क्रँक बाहेर काढलाच तर चुंबकीय तपासणीत त्या दोन पिनांच्या मधल्या बेअरिंगकडच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करा.